एकशे सदतीस नंबरचं कार्ड

१

तंग क्वांगयीच्या डोक्याचा मागचा भाग उरलाच नव्हता. चाचणीघराच्या पांढऱ्या फरशीवर तो पालथा पडला होता. चष्म्याची एक काच गालात रुतलेली. शेजारी तांब्याचा ठोकळा पडलेला होता. तापलेल्या चिपची उष्णता ओढून घ्यायला वापरतात तसला, चांगला चार किलोचा. ठोकळा पुसून लख्ख केला होता. फरशीला मात्र कुणी हात लावला नव्हता.

"अकरा," डॉक्टर उठत म्हणाला. "कमीत कमी. पहिल्या दोन-तीनातच संपला असेल. बाकीचे मेल्यावर घातलेत."

फान युएलान दुखरा गुडघा सांभाळत खाली बसली. शिनचूच्या गुन्हे शाखेत तिची सव्वीस वर्षं गेली होती आणि प्रेताजवळ बसल्याशिवाय तिला काही सुचत नसे.

"चोर अकरा वार घालत बसत नाही, लो," ती हवालदाराला म्हणाली. "एवढ्या वारांना ओळख लागते."

प्रेत सापडलं सोमवारी सकाळी साडेसातला. चाचणीघर सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या पेंगनं दार उघडलं आणि तो उंबऱ्यातच बसून राहिला. इमारत बाईलू कंपनीची. रस्त्यापलीकडची इमारत छिंगशी कंपनीची. दोघींची आई एकच, तैपेईतली मोठी कंपनी. दोन्ही लेकी गेली पंधरा वर्षं चिपचे आराखडे करत होत्या आणि पंधरा वर्षं एकमेकींचे इंजिनिअर पळवत होत्या. आता परदेशी कंपन्यांपुढे टिकेल अशी मोठी चिप काढायची तर दोघींचं डोकं एकत्र यायला हवं, असं आईनं ठरवलं होतं. बुधवारी विलीनीकरणाच्या सह्या होत्या. दोन्ही घरांच्या आराखडा विभागाचा एकच प्रमुख होणार होता, तो म्हणजे तंग.

फाननं खोली नजरेखालून घातली. खिडकीजवळ काचेचं टेबल होतं, खालून दिवा लावून कागद तपासायचं. वर कागद नव्हता. चिकटपट्टीचे चार तुकडे तेवढे होते, कागदाचे कोपरे ओढून फाडल्यासारखे त्यांच्याखाली अडकलेले. चारही तुकड्यांची टोकं नीट आत दुमडलेली होती, नखानं सहज उचलता यावीत म्हणून.

"दाराची नोंद मिळाली," लो धापा टाकत आला. "आतून बाहेर पडायला बटण आहे, त्याची नोंद होत नाही. पण बाहेरून आत यायला कार्ड लागतं. रविवारी दार दोनदाच उघडलं. दोन पन्नासला तंग. तीन दहाला कार्ड नंबर एकशे सदतीस."

"कुणाचं?"

"शू बोयान. छिंगशीचा प्रमुख. गेल्या शुक्रवारी त्यानं तंगच्या अंगावर उकळत्या चहाची किटली फेकली होती."

२

शू बोयान आडदांड होता आणि ते लपवत नव्हता.

"फेकली. पुन्हा फेकली असती. सगळ्यांदेखत म्हणाला, छिंगशीची पोरं आमच्याकडे आली की आधी त्यांना रेघ मारायला शिकवावी लागेल. बारा वर्षं मी ती पोरं घडवलीत, ताई."

"रविवारी तीन वाजता कुठं होतात?"

"नान्लियाओ बंदरावर. गळ टाकून बसलो होतो."

"कुणी पाहिलं?"

"मासे साक्षीला चालत असतील तर बोलवा."

"तुमच्या कार्डानं दार उघडलंय."

शूनं खिशातून कार्ड काढून टेबलावर आपटलं. "माझं कार्ड माझ्याजवळ आहे. मी त्या इमारतीत उभ्या जन्मात दोनदा गेलोय. नोंद काय वाटेल ते बोलते."

नोंद काय वाटेल ते बोलत नाही, असं फानच्या तोंडावर आलं होतं. तिनं ते गिळलं, का ते तिलाही कळलं नाही.

आराखडे जोडायचं काम खो निंगश्वेकडे होतं. चोवीस वर्षं बाईलूत काढलेली, पन्नाशीच्या उंबरठ्यावरची बाई. दोन्ही कंपन्यांचे आराखडे एकावर एक ठेवून जुळवायचे, जास्तीचं काढायचं, असं तीन आठवडे चाललं होतं.

"या, फानताई," तिनं खुर्ची पुढं केली. "रविवारी मी दुपारी देवळात होते. कागद जाळायला." मृतांसाठीचे कागद, तिथं सगळेच जाळतात. "तंग साहेब शनिवारपर्यंत ठीक होते. बढती मिळणार म्हणून नवे बूट घेतले होते."

तिचा आवाज सपाट होता. उजव्या मनगटाला औषधी पट्टी गुंडाळली होती.

"हाताला काय झालं?"

"माऊस. या धंद्यात सगळ्यांची मनगटं जातात."

तिच्या भिंतीवर आराखड्यांचे छापील कागद टांगले होते. बाकीचे पडद्यावर पाहत. ती अजून कागदावर पाही. फान थोडा वेळ त्या कागदांच्या कोपऱ्यांकडे बघत उभी राहिली. मग जेवणाची वेळ झाली आणि खालून आरडाओरडा ऐकू आला.

डबे आले होते आणि पेंगकाका छिंगशीच्या एका चष्मेवाल्याशी डुकराच्या रश्शाच्या भातावरून भांडत होता.

"बावन्न नंबर माझा. वीस वर्षं माझा. सोड डबा."

"काका, माझ्याही कार्डावर बावन्नच आहे."

"मग एक घास तू घे, एक मी घेतो." पेंगनं फानकडे पाहून हात उडवले आणि हाक्का बोलीत वळला. ती दोघांचीही घरची भाषा होती. "बघितलंस, पोरी? शनिवारपासून इथं सगळ्यांचे जुळे भाऊ निघालेत."

फान हसली. तेव्हा तिला त्यात हसण्यापलीकडे काही दिसलं नाही, आणि त्याबद्दल तिनं पुढं स्वतःला माफ केलं नाही.

३

दाराची नोंद कुणी फोडली ते कधीच कळलं नाही. चारपर्यंत ती बाईलूच्या प्रत्येक फोनवर होती. खाली एकच ओळ: आपल्या साहेबांना यानं मारलं.

पाचच्या सुमाराला फान लोसोबत तंगच्या बायकोचा जबाब घेऊन परतत होती. शिनचूचा वारा असा सुटला होता की रस्त्याकडेच्या स्कूटर आडव्या पडत होत्या. छिंगशीच्या वाहनतळाकडून तिला एक आवाज आला. जड, ओला, ठरावीक लयीतला. धोबी कपडा आपटतो तसा.

चौघं होते. चौघांच्या गळ्यात बाईलूची ओळखपत्रं. चौघांच्या हातात हेल्मेटं. शू दोन गाड्यांच्या मधे गुडघ्यांवर होता आणि दोन्ही हातांनी डोकं झाकत होता. एकानं त्याचे हात मागं ओढले. दुसऱ्यानं हेल्मेट वरून खाली आणलं. जबडा मोडल्याचा आवाज फानला वीस पावलांवरून ऐकू आला.

ती धावली. गुडघ्यानं दगा दिला, ती पडली, उठली. लोनं एकाला गळ्यात हात घालून पाडलं. तिसरा, गोरापान, पंचविशीचा, थांबेचना. हेल्मेटची काच कधीच फुटली होती आणि तिच्या कडेनं तो शूच्या तोंडावर मारत होता. फाननं पिस्तुलाचा दस्ता त्याच्या कोपरावर घातला तेव्हा कुठं त्याचे हात खाली आले.

"यानं साहेबांना मारलं," तो रडत म्हणाला. "नोंद आहे. आम्ही पाहिली."

शूचा डावा डोळा डोळ्याच्या जागी नव्हता.

फाननं वर पाहिलं. रस्त्यापलीकडे बाईलूच्या सगळ्या खिडक्यांत माणसं उभी होती. तिसऱ्या मजल्यावरच्या एका खिडकीत खो निंगश्वे होती. दोन्ही तळवे काचेला टेकलेले. बाकीचे बघत होते. तिनं डोळे मिटले होते.

४

मंगळवारी सकाळी फान वान त्सेहावच्या समोर बसली. वान हा तैपेईहून आलेला विलीनीकरणाचा अधिकारी. टेबलावर एक कागदही तिरका नसलेला माणूस.

"पेंगकाकांचा आणि छिंगशीच्या एका पोराचा नंबर एकच कसा?" तिनं विचारलं.

"किरकोळ बाब आहे, मॅडम. दोन्ही कंपन्या आपापले नंबर एकपासून देत आल्या. शनिवारी याद्या एकत्र केल्या, त्यात काही नंबर दोनदा आले. नवी कार्डं बुधवारी मिळतील."

"तोवर?"

"तोवर दोघांचीही चालतात. दाराला फक्त नंबर कळतो."

"आणि नोंदीत नाव कुणाचं येतं?"

वाननं पेन सरळ केलं. "ज्याचा हुद्दा वरचा, त्याचं. एकच नाव ठेवता येतं."

"हे तुम्हाला काल सकाळी माहीत होतं."

"मला कुणी विचारलं नाही."

फाननं टेबलावरून वाकून त्याची टाय मुठीत धरली आणि त्याचं तोंड आपल्या तोंडापाशी आणलं. "एक माणूस तिकडं तारा घालून जबडा बांधून पडलाय. चार पोरं कोठडीत आहेत. बाईलूची जुनी यादी काढा."

यादी निघाली. पेंगचा बावन्न. तंगचा नव्वद. मग तिचं बोट एकशे सदतीसवर थांबलं.

खो निंगश्वे.

तशा टोकं दुमडलेल्या चिकटपट्ट्या फाननं काल निंगश्वेच्या भिंतीवर पाहिल्या होत्या. त्याच नखानं उचलायच्या, नीट घडी घातलेल्या. औषधी पट्टी बांधलेलं मनगट पाहिलं होतं. आणि देवळातल्या भट्टीत त्या बाईनं कुठले कागद जाळले, तेही आता वेगळं विचारायची गरज नव्हती.

पण अकरा वार? विलीनीकरणात नोकरी जाणार म्हणून कुणी एवढं मारत नाही.

ती खाली पेंगकडे गेली. "काका, निंगश्वेचं तंगशी काय वैर होतं?"

म्हातारा तिच्याकडे वळला.

"तुला खरंच आठवत नाही? तिचा नवरा शाओवेन. छिंगशीला आराखडा विकला म्हणून त्याला काढलं, आणि तो या गच्चीवरून पडला. नऊ वर्षं झाली." पेंगनं आवाज खाली आणला. "पोरी, तेव्हा तूच आली होतीस."

५

आठवलं. सगळं एकदम आठवलं.

ल्यू शाओवेन, एकोणचाळीस वर्षांचा. गच्चीखाली सायकलींच्या लोखंडी चौकटीवर पडलेला. मशीनच्या नोंदीत त्याच्या नावानं आराखडा बाहेर गेल्याचं तंगनं दाखवलं होतं. तिनं नोंद पाहिली, शिक्का पाहिला आणि अर्ध्या दिवसात लिहिलं: चोरी उघडकीस आल्यामुळे आत्महत्या. दाराशी उभी असलेली बायको सांगत होती की त्यानं नाही केलं. तिनं त्या बाईचं नावही विचारलं नव्हतं. काल त्याच बाईनं तिला, ओळख करून द्यायच्या आधीच, नावानं हाक मारली होती.

निंगश्वेला धरण्याआधी तिला एक गोष्ट पक्की करायची होती. इस्पितळात शूचं तोंड तारांनी बांधलेलं होतं. उरलेल्या डोळ्यानं त्यानं तिला ओळखलं.

"तुम्ही खुनी नाही, हे मला माहीत आहे," फान म्हणाली. "चोर आहात का ते विचारायला आलेय. शाओवेननं विकला म्हणतात तो बाईलूचा भाग, चिपच्या एका टोकाची माहिती दुसऱ्या टोकाला नेणारा, ज्याला तुम्ही लोक पूल म्हणता. तो तुम्हाला कुणी दिला?"

शूनं पेनासाठी हात पुढं केला. मग लिहिलं: तंग. स्वतः.

"केव्हा?"

त्यानं पुन्हा लिहिलं: मार्च. पहिली चिप बिघडली होती म्हणून सुधारलेला मागितला. पहिलाही त्यानंच दिला होता.

शाओवेन त्याआधीच्या नोव्हेंबरात मेला होता.

तिनं घड्याळ पाहिलं. पावणेतीन. दाराशी लो फोन कानाला लावून उभा होता आणि त्याचा चेहरा उतरला होता.

"ताई, वान म्हणतोय आराखड्यांची जोडणी पुरी झाली. तीन वाजता दोन्ही कंपन्यांचे जुने आराखडे पुसून टाकणार. बुधवारच्या आत करायचंच आहे म्हणे. तो आता निंगश्वेच्याच खोलीत गेलाय."

खोलीचं दार आतून लावलेलं होतं. लोनं खांद्यानं दोनदा धडक दिली, तिसऱ्यांदा ते बिजागरीसकट आत पडलं.

वान खुर्चीत होता. नाकाचं हाड फुटून हनुवटीपर्यंत लाल झालं होतं आणि टाय रक्तानं चिकट झाली होती. मागं निंगश्वे. डाव्या हातात त्याचे केस, उजव्या हातात कागद कापायचं पातं, त्याच्या गळ्यात इतकं रुतलेलं की पात्याच्या दोन्ही बाजूंनी थेंब ओघळत होते.

"बोट बटणावर ठेवलं होतं यानं," ती म्हणाली. "विनवलं, एक दिवस थांबा. म्हणाला, तुमचं दुःख मी समजू शकतो."

"मॅडम, तिला आवरा," वान घशातल्या घशात म्हणाला.

"गप्प बसा," फान म्हणाली. मग निंगश्वेला: "मार्च. शूनं लिहून दिलंय. तंगनं सुधारलेला पूल मार्चमध्ये दिला. शाओवेन जाऊन चार महिने झाले होते."

पातं हललं नाही. पण तिचे ओठ हलले. "ती सुधारणा मी केली होती. फेब्रुवारीत. एक तार दोन केसांएवढी डावीकडे सरकवली. त्याच्या आराखड्यात तेवढीच एक चूक होती आणि तो गेल्यावर मी ती दुरुस्त केली. गेल्या बुधवारी छिंगशीचा कागद वर ठेवला. माझी तार. माझ्याच हातची."

"पातं खाली ठेव."

"ठेवलं की हा बटण दाबणार. तुम्ही लोक मग म्हणाल, पुरावा नाही."

"लो," फान मागं न बघता म्हणाली, "या खोलीतली सगळी यंत्रं जप्त. दाराला सील लाव. तिला दिसेल असं लाव."

लोनं कपाटाएवढ्या यंत्राची तार उपसली आणि त्यावर पोलिसांची पट्टी डकवली. निंगश्वेची नजर त्या पट्टीवर गेली. त्या निमिषात फाननं पुढं होऊन पातं मुठीत धरलं. धार तळव्यात हाडापर्यंत गेली. तिनं सोडलं नाही. निंगश्वेनं सोडलं.

६

"मी मारायला गेले नव्हते," निंगश्वे ठाण्यात म्हणाली. समोर मीफनची, तांदळाच्या शेवयांची, वाटी निवत होती. फानच्या हाताला सतरा टाके होते. "त्यानंच बोलावलं, काय दाखवायचंय ते रविवारी शांतपणे दाखव म्हणाला. मी दोन्ही कागद काचेवर लावले. त्यानं पाहिलं, आणि नाकारलंसुद्धा नाही."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, बुधवारपासून दोन्ही कंपन्या एकच. घरातली वस्तू या खोलीतून त्या खोलीत गेली. चोरी कसली आणि चोर कोण? मग कागद फाडले. हसत नव्हता हो, समजूत घालत होता. म्हणाला, शाओवेन थोडा धीर धरता तर आज त्यालाही काही वाटलं नसतं." तिनं हात मांडीवर ठेवले. "ठोकळा जवळ होता. पहिला वार मला आठवतो. बाकीचे नाही. कागदाचे तुकडे गोळा केले तर ते भिजलेले. माझा पुरावा मीच नासवला."

"आणि शूचं नाव आलं तेव्हा?"

निंगश्वेनं वाटी बाजूला सारली.

"खिडकीत उभी होते. मनात म्हटलं, आता खाली जावं, सांगावं. आणि म्हटलं, तीनपर्यंत, उद्या तीनपर्यंतच. आधी आराखडा वाचवते, मग सांगते." तिनं पहिल्यांदा फानच्या डोळ्यांत पाहिलं. "शाओवेनवर नोंदीनं आळ आला, तेव्हाही खिडकीत खरं ठाऊक असणारं कुणीतरी उभं असेल ना? मी तीच झाले, फानताई. त्याचा डोळा माझ्यामुळं गेला. हे अकरा वारांच्या वर लिहा."

फाननं डाव्या हातानं, वेड्यावाकड्या अक्षरांत, ते लिहिलं. मग त्याखाली स्वतःचं लिहिलं: ल्यू शाओवेन प्रकरणी नऊ वर्षांपूर्वीचा निष्कर्ष चुकीचा. तपास न करता काढलेला. सही माझी.

७

गुरुवारी दुपारी ती शिनपूला गेली. डोंगराच्या पोटाशी ल्यूंचं अंगण होतं आणि अंगणभर वेताच्या गोल पसरट टोपल्यांत तेंदूची नारिंगी फळं वाऱ्याला वाळत घातली होती. शाओवेनचा बाप बाकड्यावर बसून फळं सोलत होता. ऐंशीच्या पुढचा, हात मात्र स्थिर.

"तुम्हाला ओळखतो," तो म्हणाला. "माझा मुलगा चोर आहे हे सांगायला तुम्ही आला होतात."

"हो. तो नव्हता, हे सांगायला आलेय."

तिनं उभ्यानंच सगळं सांगितलं, काही न गाळता. म्हातारा सोलत राहिला. साल एकदाही तुटली नाही. मुलाची रक्षा त्यानं कुळाच्या समाधीत ठेवू दिली नव्हती. शहरातल्या एका देवळाच्या फडताळात ती नऊ वर्षं होती. त्याची बाजू घेते म्हणून सुनेला दाराबाहेर काढलं होतं.

"किती वार केले म्हणालात?"

"अकरा."

"मी पोरावर रोज घालत होतो," म्हातारा म्हणाला. "ते कुणी मोजले नाहीत."

त्यानं सुरी पुसली, मिटली आणि खिशात ठेवली. मग तो आत गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा अंगात काळा कोट होता, नातेवाइकांच्या अंत्यसंस्काराला घालतात तो, आणि हातात रिकामी कापडी पिशवी.

"गाडीत जागा आहे?"

"आहे. कुठं सोडू?"

"आधी देवळात. पोराला घेतो." तो पुढच्या सीटवर बसला, पिशवी गुडघ्यांवर पसरली. "मग तिच्या कोठडीकडे. दारातून आत घेत नसतील तर बाहेर बसेन. तिच्या बाजूनं कुणी आलंय का, असं विचारलं तर माझं नाव लिहा. सासरा म्हणून नको. बाप म्हणून लिहा."

फाननं पट्टी बांधलेल्या हातानं गाडी सुरू केली. वाऱ्यानं एक टोपली उलटली आणि फळं अंगणभर घरंगळली. म्हाताऱ्यानं काचेतून पाहिलं, पण थांबा म्हणाला नाही.